मुलांना पाठीवर घेणारा घोडा कसा निवडावा

घोडेबाजारात ज्या घोड्याभोवती गर्दी असेल त्याच्याकडे पाठ करा आणि पुढे चालू लागा. दिवाळीच्या सुमारासचा अकलूजचा बाजार असो, दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा असो किंवा माळेगावची खंडोबाची यात्रा. गर्दी जमते ती मान कमानीसारखी धरून हलगीवर नाचणाऱ्या, रवाल चालीत सुसाट निघणाऱ्या जनावराभोवती. देखणंच असतं ते, मलाही पाहत राहावंसं वाटतं. पण ज्या मुलाला स्वतःची मान सावरता येत नाही, ज्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात, ते मूल त्या पाठीवर बसणार आहे. त्याचा घोडा बहुतेक वेळा बाजाराच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, गिऱ्हाइकाविना उभा असतो.

अपंग मुलांना उपचाराला जोड म्हणून घोड्यावर बसवण्याचं हे काम सोलापुरात सुरू करावं असं वाटणारी माणसं अधूनमधून भेटायला येतात. कुणी विशेष मुलांच्या शाळेतले शिक्षक, कुणी फिजिओथेरपिस्ट, कुणी स्वतःचं मूल घेऊन पुण्या-मुंबईच्या फेऱ्या मारून थकलेले आईवडील, तर कुणी वरातीच्या घोड्यांचा पिढीजात धंदा करणारी तरुण मुलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: घोडा कसला घ्यायचा? मी घेतलेली पहिली घोडी चुकली होती, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी काम समजून घ्या

घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि थोडी वळत हलते. माणूस चालताना त्याची कंबर जशी हलते, तशीच ही हालचाल असते. जे मूल कधी स्वतःच्या पायांवर चाललेलं नाही, त्याच्या कमरेला, पाठीला, पोटाच्या स्नायूंना घोड्यावर बसल्या बसल्या चालण्याचा अनुभव मिळतो. तोल जातो, शरीर तो सावरतं, पुन्हा जातो, पुन्हा सावरतं. दर पावलाला हे होतं, आणि मध्यम बांध्याच्या घोड्याची पावलं मिनिटाला साधारण १०० ते १२० पडतात. कोणताही माणूस हाताने एवढे धक्के इतक्या एकसारख्या लयीत देऊ शकत नाही.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं उदाहरण मी पालकांना नेहमी सांगते. १९४४ मध्ये पोलिओ झाला आणि गुडघ्याखाली पाय निकामी झाले. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेत, रौप्यपदक मिळवलं. घोडीवर चढायला आणि उतरायला त्यांना माणसं लागत. त्या घोडीचं नाव ज्युबिली. १९५६ मध्ये पुन्हा रौप्य, तेही त्याच घोडीवर. अपंग व्यक्तींसाठीच्या घोडेस्वारीकडे जगाचं लक्ष वळलं ते मुख्यतः त्यानंतर.

घोडा पाय बरे करत नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. फिजिओथेरपिस्टच्या कामाला तो जोड देतो. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय एकाही मुलाला वर बसवू नका. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो, काहींचा खुबा निखळलेला असतो, काहींना औषधानेही न आवरणारे झटके येतात. अशा मुलांना घोड्यावर बसवणं धोक्याचं ठरू शकतं.

पहिली पायरी: चाल

रंग, उंची, वंश हे सगळं नंतर. आधी त्याला नुसतं चालवा. खोगीर नको, स्वार नको. एका माणसाने मोहरकीला, म्हणजे तोंडावरच्या दोरीच्या साजाला, धरून सरळ रेषेत चालवायचं, तुम्ही मागून, पुढून आणि बाजूने पाहायचं.

माझी पहिली घोडी रवाल चालायची. स्वाराच्या हातातल्या पेल्यातलं पाणी सांडणार नाही अशी मऊ चाल, असं विकणारा सांगत होता आणि ते खरंही होतं. घोटाळा नेमका तिथेच होता. रवाल चालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीने पडतात आणि स्वाराला धक्का बसू नये हाच त्या चालीचा गुण. आपल्याला तर तो छोटा, लयबद्ध, कमरेपर्यंत पोचणारा धक्का हवाय. शिवाय तिला रवाल इतकी अंगवळणी पडली होती की साधं कदम चालणं तिला जमेना. दहा पावलं झाली की वेग धरायची. पाय ताठ असलेलं सहा वर्षांचं मूल वर आणि शेजारी धावणारे आम्ही दोघं. पंधरा दिवसांत मी थांबवलं.

म्हणून साधी कदम चाल पाहा: चार पाय, चार वेगळे ठोके, एकसारखं अंतर. मैदानावर वाळू ओली करून तिच्यावरून घोडा चालवला की ठसे तुम्हाला सगळं सांगतात. मागच्या पायाचा खूर पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्या थोडा पुढे पडायला हवा. फार मागे पडत असेल तर पाठ आखडलेली आहे किंवा मागच्या पायांत दुखणं आहे, आणि मुलाच्या कमरेपर्यंत हालचाल पोचणारच नाही. डाव्या आणि उजव्या ठशांमधलं अंतर वेगवेगळं दिसलं तर त्या घोड्याला तिथेच नमस्कार करा. एका बाजूला झुकणारा घोडा आधीच एका बाजूला झुकलेल्या मुलाला आणखी वाकडं बसायला शिकवतो.

मग कडक जमिनीवर थोडी दुडकी मारायला लावा, लंगडेपणा तिथे लपत नाही. दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो. मान सारखी खालीवर होत असेल तर पशुवैद्यकाला दाखवल्याशिवाय पुढे बोलूच नका.

दुसरी पायरी: अंगकाठी आणि वजनाचं गणित

उंची फार नको. मुलाच्या दोन्ही बाजूंना चालणाऱ्या माणसांचा हात त्याच्या मांडीपर्यंत आणि कमरेपर्यंत आरामात पोचला पाहिजे. १३ ते १४ हात, म्हणजे १३२ ते १४२ सेंटीमीटर, ही आपल्या उंचीच्या माणसांना सोयीची मापं. उंच मारवाडी घोड्याशेजारी चालताना तासाभरात खांदे भरून येतात आणि थकलेला हात ऐन वेळी उशिरा पोचतो.

पाठ फार रुंद नको, फार अरुंद नको, असं म्हणून भागत नाही. मुलावर अवलंबून आहे. ज्याच्या मांड्या आतल्या बाजूला ताठ ओढल्या जातात त्याला अरुंद पाठ, नाहीतर बसवतानाच ते रडतं. ज्याचं अंग ढिलं पडतं, तोल राहत नाही, त्याला थोडी रुंद पाठ आधार देते. दोन घोडे असतील तर दोन वेगळ्या बांध्यांचे घ्या.

वजन हेड्याच्या, म्हणजे घोडे विकणाऱ्या दलालाच्या, सांगण्यावर सोडू नका. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. मापं सेंटीमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १५० आणि लांबी १४० असेल तर वजन येतं साधारण २६५ किलो. सगळं सामान धरून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार कधीच नको, म्हणजे इथे ५३ किलो. मी तिथपर्यंत जात नाही. एका बाजूला कलणारं ओझं सरळ बसलेल्या ओझ्यापेक्षा पाठीला जास्त जाचतं. त्यामुळे मी १५ टक्क्यांवर थांबते. या घोड्याला सामानासकट ४० किलो, म्हणजे ३४-३५ किलोचं मूल. मोठ्या मुलांसाठी मोठाच घोडा लागेल. तो मिळेपर्यंत त्यांना नाही म्हणायचं, आईवडील कितीही आर्जवाने बोलले तरी.

भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं भीमथडी तट्टू या कामासाठी मला फार आवडतं. अलीकडेच त्याची देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. सांगोला, माळशिरस, मंगळवेढ्याकडच्या धनगरांच्या तळावर ते पाहायला मिळतं. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, एखादं आजचं कोकरू, कधी घरातलं लहान पोर, आणि मेंढरांच्या मागे दिवसभर एका लयीत चाल. या जनावराला शिकवायला फार काही उरत नाही. मात्र ओझ्याने पाठ लागलेली नाही ना, ते केस बाजूला सारून पाहा. जुन्या जखमेवर पांढरे केस उगवतात. आणि ते लहान अंगाचं असतं, वजनाचं गणित त्याला सगळ्यात कडक लावा.

तिसरी पायरी: वय, लिंग, आणि भोवरे

पाच वर्षांच्या आतलं शिंगरू किंवा अर्धं कच्चं जनावर नको. आठ ते पंधरा वर्षांचा, जग पाहिलेला घोडा उत्तम. वय विचारू नका, तोंड उघडून दात पाहा. पाच वर्षांपर्यंत पुढचे सगळे दात कायमचे येतात. वरच्या रांगेतल्या कडेच्या दातावर हिरडीपाशी दहाव्या वर्षाच्या सुमारास एक तपकिरी खाच दिसू लागते. पंधराव्यापर्यंत ती निम्म्यावर येते, विसाव्यापर्यंत टोकाला पोचते. दातांवरून कळतो तो अंदाजच, पण सात सांगून सतरा वर्षांचा घोडा गळ्यात मारणाऱ्यापासून तेवढा अंदाज वाचवतो.

नर घोडा नको. कितीही शांत असला तरी शेजारून माजावरची घोडी गेली की त्याचं लक्ष तुमच्यावर राहत नाही. खच्ची केलेला घोडा इकडच्या बाजारात क्वचित मिळतो, म्हणून घोडीच बरी पडते. चांगला तरणा घोडा मिळालाच तर पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्या आणि काही महिने कामाला लावू नका, स्वभाव निवळायला वेळ लागतो. घोडी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. त्या दिवसांत काही घोड्या कमरेजवळ हात लावू देत नाहीत. तारखा लिहून ठेवा.

रंग आणि अंगावरचे केसांचे भोवरे यांवर आपल्याकडे हजारोंचा फरक पडतो. चारही पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला भाव, गळ्यावरच्या शुभ मानलेल्या भोवऱ्याला, देवमणाला भाव, आणि एखादा भोवरा अशुभ जागी निघाला की चांगल्या घोडीकडे कुणी फिरकत नाही. तुम्ही जरूर फिरका. माझ्याकडच्या सर्वांत गुणी घोडीला असाच एक भोवरा आहे आणि त्यामुळेच ती मला परवडली. रंगाच्या बाबतीत एकच सांगणं: नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र घोडा, घेऊ नका. त्याची कातडी गुलाबी असते आणि एप्रिल-मेच्या उन्हात नाकपुड्या आणि डोळ्यांच्या कडा भाजून निघतात.

चौथी पायरी: स्वभाव, आणि इथे घाई नको

सगळेच जण ‘गरीब घोडा’ शोधतात. हेडीही छातीवर हात ठेवून सांगतो, लई गरीब हाय, पोरगं पोटाखालून गेलं तरी हलणार नाही. पण न हलणारा प्रत्येक घोडा गरीब नसतो. काही भुकेले असतात. काही इतका मार खाल्लेले असतात की हललं तर मार बसतो एवढंच त्यांना ठाऊक असतं. काहींना गिऱ्हाईक येण्याआधी दमवलेलं असतं आणि क्वचित गुंगीचं औषधही दिलेलं असतं. खालचा ओठ लोंबणं, डोळे अर्धवट मिटलेले, पाय थोडे फेंगडे, हाक मारली तरी कान न फिरणं, ही लक्षणं दिसली तर त्या दिवशी निघून या. दुसऱ्या दिवशी न सांगता, वेगळ्या वेळी जा.

खरा शांत घोडा जागा असतो. त्याचे कान तुमच्या मागे फिरतात. अंगावर माशी बसली की कातडी थरथरवतो. अनोळखी वस्तू दिसली तर थांबतो, बघतो, हुंगतो, एक मोठा श्वास सोडतो आणि पुढे जातो. घाबरणं चालतं. घाबरल्यावर तो काय करतो ते बघायचं. जागच्या जागी दचकून उभा राहणारा मी घेते. एकदम बाजूला उडी घेणारा किंवा गिरकी मारून पळणारा घेत नाही. मूल उडी सावरू शकत नाही.

माझी एक परीक्षा आहे. घोड्याला कुंपणाच्या आत मोकळं सोडायचं आणि मध्यभागी खाली बसून राहायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. जो स्वतःहून येऊन केस हुंगतो तो माझा. जो लांबच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो त्याला माणसांचा वीट आलेला आहे. त्याला विश्रांती हवी आहे, आणखी माणसं नकोत.

त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट. सोलापुरी चादर त्याच्या समोर झटकून उघडा, आधी दहा पावलांवरून, मग जवळून. व्हीलचेअर शेजारून न्या, मागून आणा. कुबडी फरशीवर पाडा. चेंडू पायांतून घरंगळू द्या. दोन माणसं दोन्ही बाजूंना अंगाला खेटून चालू द्या. घोड्याला एका बाजूने माणूस सवयीचा असतो, दोन्ही बाजूंनी कोंडल्यासारखं झालं की काही घोडे कान मागे पाडतात. मग हलक्या अंगाच्या, घोडेस्वारी येणाऱ्या मोठ्या माणसाने हेल्मेट घालून वर बसायचं आणि मुद्दाम वाईट बसायचं: एकीकडे कलायचं, पाय झटकायचे, आयाळ ओढायची, अचानक किंचाळायचं. ऑटिझम असलेलं मूल आनंदानेही किंचाळतं, ते घोड्याला आधीच माहीत असलेलं बरं. शेवटी रॅम्पशेजारी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं. माझ्या मते मुलाला चढवण्याचा क्षण सगळ्यात धोक्याचा असतो. तिथे एक पाऊल पुढे टाकणारा घोडा बाकी सगळ्यात पास झाला तरी नापास.

वरातीच्या घोड्यांबद्दल नेहमी विचारतात. बँड, फटाके, जनरेटरचा धूर, अंगाशी लगट करणारी गर्दी, या सगळ्यांतून गेलेली घोडी दचकत नाही हे खरं. पण तिला उभं कशाने ठेवलं होतं ते तपासा. तोंडाच्या कोपऱ्यांत आणि जिभेवर जुने वण असतील तर काटेरी लगाम वापरलेला आहे. जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी त्याला बंदी आहे, तरी तो दिसतो. लगाम काढा, नुसत्या मोहरकीवर चालवा. तशीही शांत राहिली तर मोलाची घोडी आहे, नक्की घ्या.

पाचवी पायरी: पशुवैद्यक

हा खर्च टाळू नका. विश्रांतीत ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, हे तुम्हालाही मोजता आलं पाहिजे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. अंग चोरलं किंवा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला वळला तर दुखतंय. धनुर्वात आणि रेबीजची लस हवीच. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय घोडा मुलांच्या जवळ आणू नका. तो रोग माणसाला होतो, आणि घोड्यात निघाला तर घोडा वाचवता येत नाही. सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग चावऱ्या माशांमधून पसरतो, म्हणून बाजारातून आणलेला घोडा तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळा बांधा.

व्यवहार ठरवताना महिनाभर ठेवून घेण्याची अट लेखी घाला. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेल्या भावात अशी अट बसत नाही, म्हणून मी बाजारात फक्त बघते आणि नंतर मालकाच्या गावी जाऊन बोलते. चांगला मालक तयार होतो. तयार न होणाऱ्याकडून घेऊ नका.

आणल्यावर

सोलापूरची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात तिला खूर अडकेल एवढ्या भेगा पडतात. चालवण्याची जागा मुरूम दाबून, वर वाळू टाकून करा. मार्च ते जून सकाळी साडेसहा ते साडेआठ, त्यानंतर घोडा सावलीत. चाऱ्यात वाळलेला कडबा थोडा चालतो, पण सगळी भिस्त त्यावर नको, वाळलेलं गवत मुख्य ठेवा. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिने विषबाधा होते.

खोगिराऐवजी मी नमदा, म्हणजे लोकरीची जाड गादी, आणि त्यावर पट्टा वापरते, घोड्याच्या अंगाची ऊब मुलाच्या ताठ मांड्यांपर्यंत पोचते. नमद्याखाली जुन्या सोलापुरी चादरीची घडी घाम छान शोषते. फक्त तिला एकही सुरकुती राहू देऊ नका, पाठ लागायला एक सुरकुती पुरते.

एका मुलामागे तीन माणसं: एक घोड्याशी, दोन बाजूंना. आपल्या गावात एका घोड्याशी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, अशा चार भाषांत बोललं जातं. मदतनीस बदलला की हुकूम बदलतो आणि घोडा गोंधळतो. चालण्याचा एक आणि थांबण्याचा एक, असे दोन शब्द ठरवा, भिंतीवर लिहून ठेवा, आणि मुलांनाही तेच शिकवा. माझ्याकडे एक मुलगा आहे, चार वर्षं त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्याने पहिल्यांदा जे म्हटलं ते ‘चल’, आणि घोडी चालली. त्याच्या आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचकली.

एका घोड्याला सलग दोन मुलं, मग विश्रांती. दिवसाला चार-पाचांच्या वर नको, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. हे काम दिसतं हळू, पण दर पावलाला डगमगणारं ओझं सांभाळताना घोड्याचं डोकं आणि पाठ दोन्ही शिणतात. शेपटी सारखी फटकारणं, दात खाणं, रॅम्पकडे जाताना पाय ओढणं, ही तक्रार आहे असं समजा आणि त्याच दिवशी काम थांबवा. सुट्टीतही तो फक्त खुंट्याला बांधलेला नको. मोकळा सोडा, मातीत लोळू द्या, दुसऱ्या घोड्याची सोबत द्या.

आणि घोडा घेतानाच त्याची निवृत्ती ठरवून ठेवा. विसाव्या-बाविसाव्या वर्षी तो कुठे राहील, चाऱ्याचा खर्च कोण देईल, हे पहिल्या दिवशीच्या वहीत लिहा. आमची म्हातारी घोडी आता मोहोळकडे एका शेतकऱ्याच्या बांधावर आहे. दर महिन्याला चाऱ्याचे पैसे आणि नालबंद पाठवतो. तिच्यावर बसायला शिकलेली मुलं संक्रांतीला तिच्यासाठी गाजरं घेऊन जातात, आणि ती अजूनही व्हीलचेअर दिसली की शेजारी येऊन स्तब्ध उभी राहते.